४ लिटरचा केग, १६ ग्रॅम गॅस: घरची बिअर छोट्या केगमध्ये भरायची आणि ओतायची कशी

घरी बनवलेली बिअर बाटल्यांत भरायचा कंटाळा आला की माणूस केगकडे, म्हणजे दाबाखाली बिअर साठवायच्या धातूच्या पिंपाकडे वळतो, आणि फ्रिजमध्ये जागा नसली की छोट्या केगकडे. २ ते १० लिटरचे हे केग दिसायला मोठ्या केगची धाकटी भावंडं वाटतात, पण मोठ्या केगमध्ये खपून जाणाऱ्या चुका इथे खपत नाहीत. १९ लिटरच्या केगमध्ये पेलाभर हवा अडकली तर ती १९ लिटर बिअरमध्ये वाटली जाते; तेवढीच हवा ४ लिटरच्या केगमध्ये राहिली तर प्रत्येक पेल्याच्या वाट्याला ती जवळजवळ पाचपट येते. गळतीचंही तसंच. मोठा सिलिंडर जोडलेला असेल तर बारीक गळती असूनही आठवडा निघून जातो. १६ ग्रॅमच्या कार्ट्रिजवर, म्हणजे कार्बन डायऑक्साइड भरलेल्या छोट्या नळकांड्यावर चालणाऱ्या केगचा गॅस मात्र तशाच गळतीने एका रात्रीत संपतो. म्हणून छोट्या केगचं काम मी गॅसचा हिशोब मांडून करतो, आणि हा लेखही त्याच हिशोबाच्या आधाराने पुढे जाईल.

केग आणि त्याचे भाग

छोटे केग ढोबळमानाने दोन प्रकारचे. एक जाड स्टेनलेस स्टीलचा, आट्यांचं झाकण असलेला, वर गॅस आत जाण्यासाठी एक आणि बिअर बाहेर येण्यासाठी एक असे दोन बॉल-लॉक पोस्ट (नळीचा जोड दाबून बसवायच्या खुंट्या) असलेला. दुसरा ५ लिटरचा पातळ पत्र्याचा पार्टी केग, वर रबरी बूच आणि खालच्या बाजूला ओढून काढायचा प्लास्टिकचा नळ. पार्टी केग दोन-चार वेळा वापरता येतो, पण त्याच्या आतल्या लेपाला ओरखडा गेला की गंज धरतो. नियमित वापरायचा असेल तर स्टेनलेस स्टीलचाच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. बॉल-लॉक पोस्ट हा प्रकार मुळात शीतपेयांच्या धंद्यातला आहे. कॉर्नेलियस कंपनीच्या नावाने ओळखले जाणारे केग सोड्याच्या सिरपसाठी वापरात होते. पुढे सिरप खोक्यातल्या पिशव्यांमधून येऊ लागलं आणि ते जुने केग घरी बिअर बनवणाऱ्यांच्या हाती आले. त्यामुळे आजही या पोस्टला बसणारे जोड, नळ्या आणि मीटर सहज मिळतात, आणि एका केगचे बहुतेक जोड दुसऱ्याला चालतात.

बिअरच्या पोस्टखाली तळापर्यंत जाणारी लांब नळी असते, तिला डिप ट्यूब म्हणतात. गॅसच्या पोस्टखाली आखूड नळी असते किंवा काहीच नसतं. गॅसच्या पोस्टच्या षटकोनी भागावर बहुधा बारीक खाचा असतात, त्यावरून तो ओळखा. दोन्ही पोस्ट एकदा पान्याने उघडून आतल्या रबरी रिंगा नीट पाहून घ्या. चिरलेली, कडक झालेली किंवा चपटी पडलेली रिंग लगेच बदला. नव्या रिंगेवर खाद्य दर्जाचं सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ लावा. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि पुढच्या निम्म्या कटकटी इथेच मिटतात.

रेग्युलेटर छोट्या कार्ट्रिजचा असो वा मोठ्या सिलिंडरचा, त्यावर दाब दाखवणारा काटा हवाच. कार्ट्रिज खाद्य दर्जाची घ्या. एअरगनसाठी विकल्या जाणाऱ्या काही कार्ट्रिजमध्ये तेलाचा अंश असतो, तो बिअरमध्ये उतरतो आणि पेल्यातला फेसही मोडतो. क्रीम फेटण्यासाठी मिळणाऱ्या कार्ट्रिजमध्ये नायट्रस ऑक्साइड असतो, तोही इथे चालत नाही.

आधी हिशोब

१६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मोकळ्या हवेत साधारण आठ-साडेआठ लिटर जागा व्यापतो. आता ४ लिटर बिअर घ्या. बिअरमध्ये किती गॅस मुरला आहे हे ‘व्हॉल्यूम’मध्ये मोजतात, २.४ व्हॉल्यूम म्हणजे एक लिटर बिअरमध्ये २.४ लिटर गॅस. २० अंश सेल्सिअसला आंबवण संपलेल्या बिअरमध्ये मुळातच सुमारे ०.८५ व्हॉल्यूम उरलेला असतो. २.४ पर्यंत न्यायचं तर ४ लिटरसाठी आणखी १२ ग्रॅम गॅस लागतो. ती सगळी बिअर ०.८ बार दाबाने (१ बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेएवढा दाब) नळातून बाहेर ढकलायला आणखी १४ ग्रॅम. झाले २६. म्हणजे एका कार्ट्रिजमध्ये दोन्ही कामं होत नाहीत.

यावर माझा उपाय जुना आणि साधा आहे: गॅस मुरवायचं काम साखर आणि यीस्टकडे द्या, कार्ट्रिज फक्त ओतण्यासाठी राखून ठेवा. मोठा सिलिंडर घरात असेल तर हा प्रश्नच नाही, आणि त्याची पद्धतही पुढे दिली आहे. पण फक्त कार्ट्रिजवर काम करणाऱ्यांनी साखरेचीच वाट धरावी. यीस्ट गॅस फुकट देतं आणि भरताना आत गेलेल्या ऑक्सिजनपैकी काही खाऊनही टाकतं.

आंबवण खरंच संपलं आहे का

ही पायरी घाईत गाळू नका. हायड्रोमीटरने ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत बिअरची घनता मोजा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा मोजा; आकडा हलला नसेल तरच पुढे जा. कारण ग्रॅव्हिटी ०.००२ ने उतरली की बिअरमध्ये जवळपास एक व्हॉल्यूम गॅस वाढतो. १.०१६ वर थांबल्यासारखी दिसणारी बिअर केगमध्ये जाऊन १.०१० ला उतरली, तर साखरेच्या हिशोबाबाहेरचे तीन व्हॉल्यूम त्यात येतात. जाड केगचा सेफ्टी व्हॉल्व्ह (जादा दाब आपोआप सोडणारी झडप) तेव्हा आपलं काम करील. पातळ पत्र्याच्या केगचा तळ मात्र फुगून बाहेर येतो आणि टेबलावर ठेवला की केग डुगडुगतो. तळ असा फुगलेला दिसला तर बूच हळूहळू सैल करून दाब सोडा आणि तो केग पुन्हा वापरू नका.

धुणं आणि निर्जंतुक करणं

सोडियम परकार्बोनेटवर चालणारी पावडर कोमट-गरम पाण्यात, पाकिटावरच्या प्रमाणात मिसळा आणि केग भरून अर्धा तास ठेवा. थोडं पाणी डिप ट्यूबमधून आणि नळातूनही जाऊ द्या, कारण घाण साठते ती तिथेच. मग स्वच्छ पाण्याने खळबळून घ्या. क्लोरीनचं ब्लीच स्टेनलेस स्टीलला लावू नका. त्याने बारीक खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांत जंतू घर करतात.

फॉस्फोरिक आम्लावर आधारलेलं, न धुता चालणारं सॅनिटायझर साधारण लिटरला दीड मिली या प्रमाणात पुरतं, तरी लेबल वाचून घ्या. एक-दोन मिनिटं सगळीकडे ओलावा राहिला पाहिजे. त्याचा फेस आत राहिला तरी बिअरला काही होत नाही. तो पुसून काढायला कापड आत घालण्याचा मोह मात्र आवरा.

रिकामा, कोरडा केग झाकणासकट वजनकाट्यावर ठेवा आणि तो आकडा केगच्या तळाशी मार्करने लिहून ठेवा. ४ लिटर बिअर म्हणजे साधारण ४ किलो आणि वर ४० ग्रॅम. केग किती भरला आणि पुढे किती उरला, दोन्ही या एका आकड्यावरून कळतं.

हवा बाहेर, बिअर आत

आता सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. हवेतला ऑक्सिजन बिअरमध्ये मिसळला की हॉप्सचा सुवास आधी जातो, रंग काळवंडतो आणि मग ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागतो. फिकट, हॉप्सने भरलेल्या बिअरमध्ये हे काही दिवसांत दिसतं.

हवा घालवण्याची सर्वांत स्वस्त युक्ती आंबवणाच्या वेळीच करता येते. २० लिटर मध्यम ताकदीचं वर्ट (बिअर होण्याआधीचा माल्टचा गोड काढा) आंबताना शेकडो लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि आपण तो एअरलॉकमधून, म्हणजे गॅस फक्त बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या बुचातून घालवून देतो. तो आधी केगमधून जाऊ द्या: फर्मेंटरची (आंबवणाच्या भांड्याची) नळी केगच्या बिअर पोस्टला जोडा, म्हणजे गॅस डिप ट्यूबने थेट तळाशी उतरेल, गॅस पोस्टला दुसरी नळी लावून तिचं टोक पाण्यात बुडवा. दोन-तीन दिवसांत केगच्या आकारमानाच्या कितीतरी पट गॅस आतून वाहून जातो आणि हवेचा मागमूस राहत नाही. उतू आलेला फेस केगमध्ये शिरू नये म्हणून फर्मेंटर आणि केग यांच्या मधे एक रिकामी बरणी जोडायला विसरू नका.

असं करता आलं नाही तर केग बंद करून २ बारपर्यंत गॅस भरा आणि सेफ्टी व्हॉल्व्हची ओढायची कडी ओढून तो सोडून द्या. मीटरवर २ बार म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबासकट ३ बार, म्हणून प्रत्येक फेरीला ऑक्सिजन एक तृतीयांश उरतो. पाच फेऱ्यांनंतर २१ टक्क्यांवरून तो ०.१ टक्क्याच्याही खाली येतो. रिकाम्या ४ लिटरच्या केगमध्ये याला भरपूर गॅस जातो, म्हणून कार्ट्रिजवाल्यांनी केग आधी भरून मग वरच्या मोकळ्या जागेपुरत्याच या फेऱ्या कराव्यात. १५० मिली जागेसाठी पाच फेऱ्यांना जेमतेम ३ ग्रॅम गॅस लागतो.

साखरेचं माप असं. जाड स्टीलच्या केगसाठी लिटरला ५ ते ५.५ ग्रॅम साधी साखर, म्हणजे ४ लिटरला २० ते २२ ग्रॅम. पातळ पार्टी केगसाठी लिटरला ३ ते ३.५ ग्रॅमच्या वर जाऊ नका. बाटल्यांचं माप जसंच्या तसं इथे उचलू नका. साखर थोड्या पाण्यात दोन-चार मिनिटं उकळा, झाकून गार करा आणि भरायच्या अगदी आधी केगमध्ये ओता. त्यासाठी झाकण उघडावं लागतं, आणि इथे एक गैरसमज दूर करायला हवा: कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असला तरी तो उघड्या भांड्यात चादरीसारखा पसरून बसत नाही, हवा त्यात मिसळतेच. म्हणून झाकण लावल्यावर गॅस भरून सोडायच्या दोन-तीन फेऱ्या पुन्हा करा.

भरण्यासाठी फर्मेंटर टेबलावर आणि केग जमिनीवर, वजनकाट्यावर ठेवा. फर्मेंटरच्या नळाची नळी बिअर पोस्टला जोडली की बिअर डिप ट्यूबमधून तळापासून शांतपणे चढते. आतला गॅस गॅस पोस्टमधून बाहेर पडेल. गॅस पोस्टची नळी फर्मेंटरच्या झाकणाला परत जोडली तर वरून हवाही आत ओढली जात नाही. बंद वर्तुळ तयार होतं आणि बिअरला हवेचं दर्शनच होत नाही. आट्यांच्या उघड्या तोंडातून सायफनने भरत असाल तर नळीचं टोक तळाला टेकवून ठेवा आणि बिअर खळखळू देऊ नका. गाळ ढवळला जाऊ नये म्हणून फर्मेंटर आदल्या दिवशीच जागेवर नेऊन ठेवावा.

केग गळ्यापर्यंत भरू नका. ४ लिटरला १२० ते १५० मिली जागा मोकळी सोडा. बिअर गॅस पोस्टपर्यंत चढली तर पुढे ती रेग्युलेटरमध्ये शिरते.

गळतीची परीक्षा

झाकण घट्ट केल्यावर आधी दीड-दोन बार गॅस द्या. या पहिल्या दाबाने झाकणाची रिंग जागेवर बसते. मग साबणाचं पाणी झाकणाभोवती, दोन्ही पोस्टवर, सेफ्टी व्हॉल्व्हवर आणि कार्ट्रिजच्या आट्यांवर फवारा आणि पूर्ण दोन मिनिटं बघत राहा. बारीक गळतीचा बुडबुडा सावकाश उगवतो. हे मी इतकं ठासून सांगतो, कारण एकदा भरगच्च पाहुण्यांच्या दिवशी सकाळी केगला हात लावला तर नळातून नुसता सुस्कारा निघाला. पोस्टखालच्या एका रिंगेला केसाएवढी चीर होती. बिअर उत्तम झाली होती, पण ती सपक बिअर कोणाला देणार?

गॅस मुरवणं

साखर घातली असेल तर केग २० अंशांच्या आसपास दोन आठवडे सावलीत ठेवा. गॅस पोस्टला मीटर लावला तर दाब चढताना रोज दिसतो. लिटरला साडेपाच ग्रॅम साखरेने २० अंशांवर काटा पावणेदोन बारच्या आसपास स्थिरावतो. तो ३ बारकडे निघाला तर साखर जास्त पडली आहे किंवा आंबवण अपुरं राहिलं आहे; व्हॉल्व्हने थोडा थोडा दाब सोडत राहा. केगवर कोरलेली दाबाची कमाल मर्यादा कधीच ओलांडू देऊ नका आणि सेफ्टी व्हॉल्व्ह कशानेही अडवू नका. नंतर केग फ्रिजमध्ये किमान दोन दिवस ठेवा. गार होताना वरचा गॅस बिअरमध्ये मुरतो आणि ४ अंशांना तोच काटा ०.७ बारच्या जवळ येतो. काटा खाली आलेला पाहून गॅस गळाला असं समजू नका.

सिलिंडर असेल तर साखर नको. बिअर आधी ४ अंशांपर्यंत गार करा, रेग्युलेटर ०.८ बारवर लावा आणि सात ते दहा दिवस तसंच राहू द्या. सुमारे अडीच व्हॉल्यूमवर ती स्थिर होते. घाई असेल तर पहिले २४ तास २ बार ठेवून मग खाली आणा. केग हलवून काही मिनिटांत गॅस मुरवण्याची पद्धतही आहे, पण ४ लिटरमध्ये ती इतक्या वेगाने पुढे जाते की नेमकं कुठे थांबायचं ते कळत नाही, म्हणून मी ती वापरत नाही. सिलिंडर नेहमी उभाच ठेवा. आडवा केला तर द्रवरूप गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो.

ओतणं, आणि फेसाचं काय

स्थिर तापमानाला द्रवात मुरणारा गॅस वरच्या दाबाच्या प्रमाणात असतो, हे विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडलं. पेल्यातल्या फेसाचं सगळं गणित या एका वाक्यात आहे. केगमध्ये ०.७ बारखाली सुखाने असलेली बिअर नळातून एका झटक्यात शून्य दाबावर आली की गॅस उसळून बाहेर पडतो. मोठ्या केगला २-३ मीटर लांब आणि ५ मिलिमीटरच्या आत पोकळी असलेली नळी लावतात. त्या अरुंद वाटेत दाब हळूहळू उतरतो आणि बिअर शांतपणे पेल्यात येते. छोट्या केगच्या डोक्यावर बसवलेल्या नळाला ही वाटच नसते.

म्हणून नळ घेताना प्रवाह कमी-जास्त करायचा छोटा खटका असलेलाच घ्या. ओतायच्या आधी केगमधला जादा दाब व्हॉल्व्हने सोडा, रेग्युलेटर ०.३ ते ०.४ बारवर लावा आणि खटका अर्ध्यावर ठेवा. मुख्य नळ मात्र नेहमी पूर्ण उघडायचा. फेस येतो म्हणून तो अर्धवट उघडला की बिअर त्या फटीतून फवाऱ्यासारखी निघते आणि फेस आणखी वाढतो. पेला स्वच्छ, थंड पाण्याने विसळलेला, ४५ अंशांत कलता धरा. तीन चतुर्थांश भरला की सरळ करा. बैठक संपल्यावर दाब पुन्हा ०.७ वर न्या. एका संध्याकाळपुरता कमी दाब चालतो, कारण स्थिर बिअरमधून गॅस सावकाश सुटतो. आठवडाभर तसंच ठेवलं तर बिअर मरगळते.

साखरेने मुरवलेल्या केगचा पहिला अर्धा पेला गढूळ येईल, तो बाजूला ठेवा. यीस्टचा गाळ डिप ट्यूबच्या तोंडाशी साचलेला असतो आणि तो एकदाच निघून जातो. त्यानंतर केग हलवला की पुन्हा गढूळ, म्हणून जिथे ओतायचं तिथेच तो आदल्या रात्री नेऊन ठेवा.

तरीही नुसता फेसच येत असेल तर कारण शोधायचा माझा क्रम ठरलेला आहे. आधी तापमान: बिअर ४ अंशांवर असली तरी नळ उबदार असेल तर पहिला पेला फेसाचाच निघतो, म्हणून नळही फ्रिजमध्ये ठेवा. मग दाब. मग पेला, कारण त्यावर तेलकटपणा किंवा साबणाचा अंश असला तर फेस विचित्र वागतो. आणि तरीही सुटलं नाही तर डिप ट्यूबच्या वरची रिंग. ती सैल असली की वरचा गॅस बिअरसोबत नळीत घुसतो आणि बिअर थांबत-थांबत, थुंकल्यासारखी बाहेर येते. या शेवटच्या कारणाकडे लोकांचं लक्ष जात नाही आणि ते दाबाशी झटापट करत बसतात.

कार्ट्रिज लावताना रेग्युलेटरचा खटका आधी पूर्ण बंद करा, मग कार्ट्रिज एका दमात फिरवून घट्ट बसवा. रेंगाळलात तर फुटलेल्या तोंडातून गॅस निसटतो. जोरात गॅस घेतला की ती बर्फासारखी गार पडते, म्हणून फडक्याने धरा. एकदा भोक पडलेली कार्ट्रिज संपल्याशिवाय काढायची नसते. गॅसचं सगळं काम खिडकी उघडी ठेवून करा. कार्ट्रिज एक वेळ ठीक, पण मोठा सिलिंडर बंद, लहान खोलीत गळला तर जीवावर बेतू शकतं.

रिकामा झाल्यावर

आट्यांचं झाकण उघडण्याआधी सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून आवाज पूर्ण थांबेपर्यंत धरून ठेवा. मोठ्या केगचं लंबगोल झाकण आत दाब असताना उघडतच नाही. आट्यांचं झाकण मात्र दाबासकट फिरतं आणि शेवटच्या आट्याला उडतं. त्यावर चेहरा वाकवून कधीही काम करू नका. गाळ वाळायच्या आत केग धुवा, डिप ट्यूबमधून बारीक ब्रश फिरवा, नळ सुटा करून भिजत घाला. सुटे केलेले दोन्ही पोस्ट वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा, म्हणजे परत लावताना अदलाबदल होणार नाही. मग पेलाभर सॅनिटायझर आत घालून झाकण लावा आणि थोडा गॅस भरून ठेवा. पुढच्या वेळी व्हॉल्व्ह ओढल्यावर फुस्स झालं, तर रिंगा शाबूत आहेत आणि केग भरायला तयार आहे.